पहिला हशा कोणाचा?

धान निघालं, हातात चार पैसे आले, की चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत मंडईची जत्रा भरते आणि मंडईच्या रात्री नाटक होतं. दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत हा झाडीपट्टी नाटकांचा हंगाम. वडशाला, म्हणजे कागदोपत्री देसाईगंजला, नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. तिथून ब्रम्हपुरी, आरमोरी, सिंदेवाही, कुरखेडा अशा चहू दिशांना गाड्या सुटतात, पडदे उलगडतात, आणि रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. त्याची पोस्टरं नीट पाहावीत. नायक-नायिकेचे चेहरे मोठे, खलनायक डोळे वटारून, लावणीवाली एका बाजूला, आणि खालच्या कोपऱ्यात गाल फुगवलेला विनोदी नट. मुंबई-पुण्याचं कोणी आलं असेल तर नावापुढे अमुक मालिका ‘फेम’ असं छापतात. त्या दोन अक्षरांसाठी तिकीट घेणारे लोक आहेत, हे कंपनीवाल्यांना पक्कं माहीत असतं.

ज्या दोघींचं बोलणं इथे मांडतो आहे, त्या आत्या आणि भाची आहेत. नावं देत नाही. आत्या कित्येक हंगाम झाडीपट्टीत विनोदी कामं करते आहे. सावकाराची बायको, मोलकरीण, नायिकेची मैत्रीण, हल्ली सासू. पात्राचं नाव बदलतं, जाडी तीच राहते. भाची नागपूरला शिकते. तिनं आत्यासाठी एक विनोदी नाटक लिहायला घेतलं आहे. झाडीपट्टीतली एक जाड नटी मुंबईच्या मालिकेसाठी ऑडिशनला जाते, अशी गोष्ट. आत्यानं वही चाळली, पहिला प्रवेश वाचला आणि वही मिटली.

आत्या: हे पडणार, पोरी. मी विंगेतून निघाली का पहिल्या पावलाले हशा पाहिजे. तू काय लिहिलं? बाई येते, पिशवी ठेवते, चहा मागते. एवढ्या थंडीत लोक रात्रभर बसून राहतात, ते बाईनं चहा मागितला म्हणून?

भाची: ती चहा कसा मागते, त्यात गंमत आहे. समोरचा तिला मोलकरीण समजतो, ती मालकीण असल्यासारखी मागते.

आत्या: ते खुर्चीवाल्याले समजणार. मागं जमिनीवर घोंगडं घेऊन बसला त्याले नाही समजणार. त्याले तिथून माझं तोंडही दिसत नाही, अंग दिसते. म्हणून मी पहिलं वाक्य अंगावरच मारते. आली का पाय आपटते आन् विचारते, “स्टेज मजबूत आहे ना रे बाबू?” अख्खा मंडप हसते. एकदा हसला का मग पहाटेलोक तो माझा.

भाची: मंडप तुझा. पण ते वाक्य तुझ्याजवळ राहत नाही ना. मी तुझ्याच अंगाची आहे. शाळेत बाकावर बसले की मागून आवाज यायचा, “बाक मजबूत आहे ना रे बाबू?” तुझ्याच चालीत. गावात नाटक झालं की पुढे महिनाभर.

आत्या: तवा सांगितलं काहून नाही?

भाची: तू रात्रभराच्या प्रवासानं झोपलेली असायचीस. आणि त्या नाटकाच्या पैशातूनच माझी वह्या-पुस्तकं यायची. काय सांगणार?

इथे आत्या बराच वेळ बोलली नाही. तिनं ना नाकारलं, ना माफी मागितली. मला तिचं हे गप्प राहणं खरं वाटलं. स्वतःच्या शरीरावर स्वतःच विनोद करणारा नट आपल्यापुरता सुरक्षित होतो. दुसऱ्यानं दगड उचलायच्या आधी त्यानं तो स्वतःच उचललेला असतो. पण विनोद मंडपातून बाहेर पडला की ज्याच्या तोंडी जाईल त्याचा होतो, आणि ज्याच्या अंगाला लागेल त्याचं दुखणं होतो. विनोदी मालिका आणि नाटकांबद्दलच्या चर्चेत नटाला अपमान वाटला का, एवढंच बहुधा विचारलं जातं. त्याच अंगाची, स्टेजवर नसलेली मुलगी त्या प्रश्नात नसते.

आत्या: बरं. पण तू मले सांग, अंगाचा विनोद काढला तर मले काम कोण देणार? संहितेत माझ्या नावापुढं कधी कधी नुसतं ‘विनोद’ लिहून राहते. बाकी मीच भरायचं. नाईटचे पैसे मिळतात ते त्या भरण्याचे. नायिका कशी उभी राहणार हे लेखक लिहिते, माझं तर मलाच लिहा लागते.

भाची: मग तुझ्याकडे तर नायिकेपेक्षा जास्त मोकळीक आहे. ती सगळी एकाच ठिकाणी का खर्च करतेस? तुला टुनटुन माहीत आहे?

आत्या: टुनटुन कोणाले माहीत नाही?

भाची: तिचं नाव उमादेवी. आधी ती गायिका होती. नौशादनं तिला १९४७च्या ‘दर्द’मध्ये गाणी दिली, आणि ती देशभर गाजली. पुढे गाण्याची कामं कमी झाली आणि नौशादनंच तिला सुचवलं की तू पडद्यावर ये. १९५०च्या ‘बाबुल’मध्ये दिलीपकुमारबरोबर आली आणि तिथून टुनटुन झाली. पुढची कितीतरी वर्षं ती आली की लोक हसायचे. आज कोणाला तिचा गळा आठवतो? जाड मुलीला चिडवायला तिचं नाव मात्र घरोघरी राहिलं.

आत्या: गळ्यानं पोट भरलं नाही, अंगानं भरलं. तू त्याले हरणं म्हणते. तिच्याआधी सिनेमात बाईमाणसाले नुसतं हसवायचं काम कोणी देत होतं का? रडायचं, नाचायचं, मरायचं. हसवायचा मान तिनं मिळवला. त्या वाटेनंच मी आली.

भाची: वाट तिनं केली हे मान्य. पण ती वाट अंगावरून गेली, गळ्यावरून का नाही?

याला आत्याकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. बोलणं टीव्हीकडे वळलं. मंडईतल्या ‘फेम’चा उगम तिथेच आहे.

आत्या: टीव्हीवर तरी आता जाड बाई दिसते. ‘हास्यजत्रा’ पाहत नाही का तू? वनिता खरात आहे. तो गौरव मोरे होता, काटकुळा, डोक्यावर केसांचं टोपलं. आमच्याकडल्या पोट्ट्यायसारखा. आधी असे चेहरे कोण दाखवत होतं?

भाची: मीही पाहते, आणि हसते. वनिता खरात मला त्यातली फार आवडते. ती आवाज कसा फिरवते, समोरच्याचं वाक्य कसं झेलते, हे शिकण्यासारखं आहे. २०२१च्या जानेवारीत तिनं एका दिनदर्शिकेसाठी फोटो काढून घेतला होता, अंगावर कपडा नाही, हातात पतंग. तेजस नेरुरकरनं काढलेला. माझं शरीर असं आहे आणि मला त्याची लाज नाही, एवढंच त्यात होतं. मी तो फोटो होस्टेलच्या खोलीत कितीतरी वेळ पाहत बसले होते. तिच्याकडे पाहून हसू येत नव्हतं. पहिल्यांदाच असं झालं की जाड बाईकडे पाहायचं आणि हसायचं नाही.

आत्या: म्या पाहिला. आमच्या कंपनीतल्या पोरींनी मोबाइलवर दाखवला. मले आधी कसंतरीच वाटलं, खोटं काहून बोलू. मग वाटलं, हिंमत आहे. पण एक ध्यानात घे. तिनं आधी लोकायले हसवलं, नाव कमावलं, मग फोटो काढला. म्हणून तू पाहिला. सिंदेवाहीच्या एखाद्या जाड पोरीनं काढला असता तर तिच्या बापाले गाव सोडा लागला असता. आधी हशा, मग हिंमत. हशाले असं हलकं नको करजो.

आत्याच्या बोलण्यातलं हे मला सगळ्यात वजनदार वाटतं. प्रसिद्धी माणसाला संरक्षण देते, आणि विनोदी नटीला ती प्रसिद्धी बऱ्याचदा तिच्याच शरीरानं मिळवून दिलेली असते. भाचीला त्यापुढचं हवं आहे, आणि तेही खरं आहे. पण पुढचं आधीच्यावर उभं आहे, हे आत्याचं म्हणणं तिला डावलता येत नाही.

भाची: मग ‘सुंदरा मनामध्ये भरली’चं काय? त्यात तर जाड मुलगीच नायिका होती. कलर्स मराठीवर २०२० ते २०२२. लतिका. अक्षया नाईकनं केलं होतं. हसवायला आणलेली नाही, नायिका.

आत्या: एक भाग चुकवला नाही म्या. अक्षयाचं काम चांगलं. पण मले सांग, त्या घरात जाडीशिवाय दुसरा विषय किती दिवस होता? सासू जाडीवर, शेजारीण जाडीवर, नवरा आधी जाडीवरच. मी स्टेजवर एक वाक्य बोलते आन् पुढं सरकते. तिले महिने न् महिने ऐका लागलं. माझ्या वाक्यावर लोक हसून मोकळे होतात. तिच्यावर बाया डोळे पुसत होत्या. अंगाचंच दोन्हीकडं. माझं हसण्याचं, तिचं रडण्याचं.

भाची: पण तिच्यावर कोणीतरी प्रेम केलं.

आत्या: हाव. ते केलं.

आत्या हे हळूच म्हणाली आणि विषय रंगाकडे नेला. तो रंग मला इथे महत्त्वाचा वाटतो, कारण मुंबईच्या मालिकांमधलं जाडीचं दुःख या दोन जिल्ह्यांत जसंच्या तसं लागू होत नाही. रोवणीला दिवसदिवस चिखलात वाकून उभ्या राहणाऱ्या बायांच्या गावात अंगानं भरलेली बाई खात्यापित्या घरची समजतात. अंगणवाडीतला वजनकाटा पोराचं वजन वाढतंय का, हे पाहायला असतो. कुपोषण आणि सिकलसेल ज्या भागाला ठाऊक आहेत, तिथे बारीक होणं ही आधी काळजीची गोष्ट असते. इथल्या मुलीला आरशासमोर खरा टोचतो तो रंग. आणि मुंबईला गेलीच तर बोली.

आत्या: आमच्यात नायिका काहून बाहेरून आणतात, माहीत आहे? इकडच्या पोरी नाचतात, बोलतात, रात्रभर पाठ म्हणतात. पण पोस्टरवर गोरी पाहिजे. कारी पोरगी नोकराणी. माझं तरी अंग आहे, त्याचा विनोद होते. तिच्या रंगाचा विनोद लोक कसाही करतात, आन् तिले उलटून बोलाले वाक्यही देत नाहीत.

भाची: आणि टीव्हीनं सावळी नायिका केली तेव्हा काय केलं? ‘रंग माझा वेगळा’, स्टार प्रवाहवर, २०१९पासून. दीपा. सावळ्या रंगामुळे तिचं सगळं दुःख. काम केलं रेश्मा शिंदेनं. चांगलं केलं. पण तिला त्यासाठी मेकअपनं सावळं केलं. म्हणजे सावळ्या मुलीचं दुःख दाखवायचं, आणि सावळ्या मुलीला कामावर घ्यायचं नाही. माझ्या वर्गात गडचिरोलीच्या दोन मुली आहेत, नाटक शिकतात. त्यांना मेकअप लागला नसता.

आत्या: जाडीचं तसं नाही होत ना? गालात कापूस भरून कोणी जाड नाही दिसत.

भाची: तिकडे तर जाडी खरीच वापरली. अमेरिकेत कर्स्टी अ‍ॅली म्हणून नटी होती. ‘चीअर्स’ नावाच्या विनोदी मालिकेनं तिला मोठं केलं, १९९१मध्ये तिला एमी पुरस्कार मिळाला. पुढे वजन वाढलं, मासिकांनी तिचे फोटो छापून छापून थट्टा केली, कामं आटली. तेव्हा २००५मध्ये तिनं स्वतःच एक मालिका केली, नावच ‘फॅट अ‍ॅक्ट्रेस’. त्यात ती स्वतःच्याच नावानं होती. वजनामुळे काम न मिळणारी नटी, निर्मात्यांच्या दारात जाते, अपमान होतो, खोटं बोलते, उपाशी राहते, चोरून खाते. सातच भाग झाले.

आत्या: हे तर माझं वाक्य झालं, पोरी. दुसऱ्यानं उचलायच्या आधी आपणच दगड उचलायचा.

भाची: हो. आणि त्याच काळात ती वजन घटवणाऱ्या एका मोठ्या कंपनीची जाहिरातही करत होती. एकीकडे म्हणायचं, या धंद्यानं माझ्या वजनापायी माझं काय केलं बघा. दुसरीकडे म्हणायचं, मी वजन कमी करते आहे, तुम्हीही करा. मला तिचा राग येत नाही. तिला दोन्ही बाजूंनी पैसे तिच्या शरीरानंच मिळत होते, तिसरी बाजू कोणी ठेवलीच नव्हती. म्हणून मी लिहायला बसले. मला तुझ्यासाठी तिसरी बाजू लिहायची आहे.

आत्या: लिही. पण लोक पाहायले पाहिजेत. दादा कोंडके काय देखणे होते? अर्धी चड्डी, लोंबती नाडी. तरी ‘सोंगाड्या’ आला १९७१ले, आन् तिथपासून एकामागून एक नऊ सिनेमे पंचवीस-पंचवीस आठवडे चालले. नायिका त्यायच्या मागं धावत होती. आन् आमचे खुणे सर पाहा. कुरखेड्याकडले, गुरनोलीचे परशुराम खुणे. विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात त्यायले. हजारो प्रयोग, शेकडो भूमिका. २०२३ले पद्मश्री भेटली. विनोदी नटाले! त्या दिवशी आमच्या कंपनीत पेढे वाटले. पोस्टरच्या खालच्या कोपऱ्यातला माणूस राष्ट्रपती भवनात गेला.

भाची: मलाही त्या दिवशी भरून आलं होतं. पण बघ, दादा कोंडके नायक झाले कारण सिनेमा त्यांचाच होता. पैसा त्यांनी उभा केला, गोष्ट त्यांना हवी तशी झाली. साधा, बावळट दिसणारा माणूस नायक होऊ शकतो हे त्यांनी स्वतःच ठरवलं. आणि समोर उषा चव्हाण, देखणी. आता उलटं सांग. साधी, जाड, काळी बाई नायिका, आणि समोर देखणा नायक तिच्या मागे धावतोय, असा एकतरी मराठी विनोदी सिनेमा तुला आठवतो का, ज्यात तिच्या अंगावर हशा नाही?

आत्या: एकदम नाही आठवत.

भाची: म्हणून मी पहिल्या प्रवेशात चहा मागायला लावला.

मी इथे भाचीच्या बाजूला झुकतो, आणि तरी आत्याच्या हातातलं काहीतरी मला भाचीच्या वहीत हवं आहे. टीव्हीच्या विनोदात हशा कुठे यायचा ते आधी ठरतं. प्रसंग लिहिला जातो, तालीम होते, कॅमेरा हसणाऱ्या पाहुण्याकडे वळतो, नको ते कापलं जातं, आणि घरी बसलेल्याला इथे हस म्हणून सांगितलं जातं. वाक्य पडलं तरी ते पडल्याचं घरी दिसत नाही. मंडपात आत्याला दिसतं. चौथ्या रांगेतली पोरगी हसता हसता थांबली, तर पुढच्या गावी ते वाक्य बदलायची ताकद तिच्याजवळ आहे, कारण ते लिहिलेलं नाही, तिनंच भरलेलं आहे. इतकी वर्षं तिनं त्या पोरीकडे पाहिलं नसेल, कारण मागच्या घोंगडीवाल्याकडे पाहावं लागत होतं. पण मुंबईच्या स्टुडिओतल्या नटीपेक्षा तिला हे पाहणं सोपं आहे. झाडीपट्टीची ही खरी श्रीमंती आहे, आणि ‘फेम’ विकत आणणाऱ्या कंपन्यांनी तिची किंमत ओळखावी असं मला मनापासून वाटतं.

आत्या: बरं, स्टेज मजबूत आहे का हे वाक्य काढलं समज. मग मागच्याले काय देऊ? त्याले दुरून दिसलं पाहिजे.

भाची: तुझं चालणं दे. तू बाजारात जातेस तशी चाल. कोणी वाटेत आला तर बाजूला होत नाहीस, तोच होतो. ऑडिशनच्या दारात पहारेकरी अडवतो, तू थांबत नाहीस, तो मागे मागे सरकत जातो, खुर्चीवर आदळतो. तू त्याच खुर्चीत बसतेस आणि चहा मागतेस. ते मागच्याला दिसेल.

आत्या: हं. खुर्ची मोडते काय?

भाची: खुर्ची मोडत नाही, आत्या.

आत्या: मोडली तर हशा पक्का आहे.

भाची: मोडत नाही. तो पहारेकरी वाट पाहतो मोडायची, सगळे वाट पाहतात. तू बसून राहतेस.

आत्या: (वही पुन्हा उघडून) हे चालणार. त्याले वाट पाहा लावीन मी. चांगली लंबी. मंडपालेही वाट पाहा लावीन. पण मग माझंही एक ऐका लागते.

भाची: सांग.

आत्या: दुसऱ्या अंकात हिले मालिकेत काम भेटते, मुंबईले राहते, टीव्हीवर दिसते, गावात पोस्टर लागते, ‘फेम’ म्हणून. एवढं सगळं लिहिलं तू. हिचं लग्न नाही लिहिलं. कोणी हिच्याकडं पाहतही नाही.

भाची: मला वाटलं, तिला त्याची गरज नाही हे दाखवावं.

आत्या: तुले गरज नसन. मी इतके हंगाम काम करून राहिली, एका नाटकात कोणी माझा हात धरला नाही. धरला तर दात काढायले. मले एक माणूस पाहिजे. तरणा नको, माझ्या वयाचा. विनोदी नको, दारुड्या नको, भित्रा नको. त्यानं मले पाहून दचकायचं नाही.

भाची: काय करतो तो?

आत्या: पेटी वाजवते. कंपनीतलाच. कधीचा पाहून राहिला, बोलला नाही. मी मुंबईले जायच्या आदल्या रात्री बोलते. आन् एक गाणं. आमच्या विनोदी जोडीचं गाणं नेहमी मधातच मोडतात, कोणी येते, लाथ मारते, धोतर सुटते. हे गाणं पुरं झालं पाहिजे. दोन कडवे. पुरे दोन.

भाची: लोक मध्येच शिट्या मारतील.

आत्या: मारू दे. मी थांबन, त्यायच्याकडं पाहीन, आन् पुन्हा धरीन. तू कडवे लिही. ती पेटीवाल्याले काय म्हणते ते मले आजच पाहिजे, पाठ करा लागते.